लोहाचा साठा आणि लोहाचा दुष्काळ : सिडरोब्लास्टिक रक्तक्षयाचे स्वरूप व त्याची नावे

'रक्तक्षय' हा शब्द मराठीत इतका रुळला आहे की, त्याच्या घटनेकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. क्षय म्हणजे झीज, घट. ग्रीकमधून इंग्रजीत व तेथून आपल्याकडे आलेल्या 'ॲनिमिया' या शब्दाचा धात्वर्थही 'रक्ताचा अभाव' असाच आहे. आणि 'अंगात रक्त नाही' हा बोलीतील प्रयोग तर सर्वांच्या परिचयाचा आहे. तिन्ही ठिकाणी रोगाची कल्पना उणिवेची आहे. संस्कृत वैद्यकातील 'पांडुरोग' हे नाव मात्र निराळ्या जातीचे होय. ते रोगाचे कारण सांगत नाही. रोग्याच्या कांतीचा फिकट वर्ण तेवढा सांगते. आजच्या परिभाषाकाराला ते नाव ढोबळ वाटेल, परंतु एका दृष्टीने ते अधिक सावध आहे. उणीव एकदा नावातच गृहीत धरली की पुढचा प्रश्न 'कशाची उणीव?' असा होतो, आणि त्याचे उत्तरही ठरून गेलेले असते : लोहाची.

हे उत्तर बहुधा चुकत नाही, हे प्रथमच सांगितले पाहिजे. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील सोळाव्या अध्यायात पांडुरोगावर लोह आणि मंडूर यांचे योग दिलेले आहेत. अर्थात फिकट माणसाला लोह द्यावे, हा अनुभव फार जुना आहे. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वर्षे वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी ५७ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला, आणि लोहाची न्यूनता हे त्याच्या प्रमुख कारणांपैकी एक आहे. शाळांतून आणि आरोग्यकेंद्रांतून वाटल्या जाणाऱ्या लोहाच्या गोळ्यांचे समर्थन याच वस्तुस्थितीत आहे. परंतु ज्यात रोगी तितकाच फिकट, तितकाच थकलेला, जिना चढताना तितकाच धापा टाकणारा असतो, आणि तरीही ज्याच्या शरीरात लोहाचे साठे तुडुंब भरलेले असतात, असाही एक रक्तक्षय आहे. त्याला 'सिडरोब्लास्टिक ॲनिमिया' म्हणतात. तो विरळा आहे. मात्र त्याच्या रोग्याला नेहमीच्या समजुतीने दीर्घकाळ लोह दिले, तर ते औषध न राहता अपायकारक ठरते. यास्तव त्याचे स्वरूप समजून घेणे ही केवळ जिज्ञासेची बाब नव्हे.

प्रथम शरीरातील लोहाचा व्यवहार पाहू. प्रौढ माणसाच्या शरीरात सुमारे ३ ते ४ ग्रॅम लोह असते. एखाद्या मध्यम खिळ्यात मावेल इतके. त्यातील बहुतेक भाग तांबड्या पेशींतील हिमोग्लोबिनमध्ये गुंतलेला असतो. तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. जुन्या पेशी प्लीहा व यकृत यांत मोडल्या जातात आणि त्यांतून सुटलेले लोह पुन्हा अस्थिमज्जेकडे, म्हणजे हाडांतील मगजाकडे, पाठविले जाते. नव्या पेशी घडविण्यासाठी मज्जेला दररोज २० ते २५ मिलिग्रॅम लोह लागते. अन्नातून रोज मिळणारे लोह मात्र अवघे १ ते २ मिलिग्रॅम. बाकीचा सर्व खर्च जुन्याच्या मोडीतून भागतो. काटकसरीच्या या संसारात एक मोठी उणीव आहे. जादा झालेले लोह बाहेर टाकण्याची कोणतीही खास व्यवस्था शरीरापाशी नाही. त्वचेच्या व आतड्याच्या झडणाऱ्या पेशींबरोबर जे थोडेसे जाते, तेवढेच. किती लोह आत घ्यावे यावर नियंत्रण आहे. घेतलेले परत करण्यावर नाही.

आता हे लोह हिमोग्लोबिनमध्ये कसे शिरते ते पाहू. हिमोग्लोबिनच्या प्रत्येक रेणूत 'हीम' नावाचे चार घटक असतात. हीम म्हणजे पॉर्फिरिन नामक एक सपाट, कड्यासारखी रचना व तिच्या मध्यभागी बसविलेला लोहाचा एक अणू; दागिन्याच्या कोंदणात खडा बसवावा तसा. हे कोंदण घडविण्याचे काम आठ टप्प्यांत होते आणि त्याची जागा मोठी चमत्कारिक आहे. प्रारंभ होतो तो पेशीच्या आतील मायटोकाँड्रिया, म्हणजेच तंतुकणिका, या सूक्ष्म घटकांत. तेथे ग्लायसीन हे ॲमिनो अम्ल व सक्सिनिल कोएन्झाइम-ए यांचा संयोग होतो. हे काम करणाऱ्या विकराला ब-६ जीवनसत्त्वापासून तयार होणाऱ्या एका द्रव्याची जोड लागते. मग अर्धवट घडलेला माल तंतुकणिकेच्या बाहेर, पेशीद्रव्यात येतो; तेथे चार टप्पे पार पडतात; आणि शेवटचे तीन टप्पे पुन्हा आत, तंतुकणिकेत, होतात. अगदी अखेरच्या टप्प्यात तयार कोंदणात लोह बसविले जाते. म्हणजे लोहाला थेट तंतुकणिकेच्या आत पोचावे लागते, आणि ते पोचेल तेव्हा कोंदण तयार असावे लागते.

सिडरोब्लास्टिक रक्तक्षयात नेमका येथेच घोटाळा होतो. कधी कोंदण तयार नसते, कधी तंतुकणिकेतील अन्य एखादी व्यवस्था मोडलेली असते. लोह मात्र येतच राहते, कारण पेशीला हीम मिळत नसल्यामुळे 'आता पुरे' हा इशारा उमटत नाही. आत आलेले लोह जागच्या जागी साचते. तंतुकणिका ही पेशीचे ऊर्जाकेंद्र. मोकळे लोह तेथे साचल्याने तिचेच नुकसान होते आणि पुष्कळशा पेशी पूर्ण वाढ होण्यापूर्वी मज्जेतच मरतात. परिणाम असा की, सूक्ष्मदर्शकाखाली पाहावे तर मज्जा तांबड्या पेशींच्या पूर्वावस्थांनी गजबजलेली, आणि रक्तात पाहावे तर पेशींचा तुटवडा. या विफल निर्मितीला 'रक्ताची झीज' म्हणणे कितपत योग्य, हा प्रश्न शब्दशास्त्राच्या अभ्यासकास पडल्यावाचून राहात नाही. येथे काही झिजत नाही. जे घडावयाचे ते घडत नाही.

हे सारे आज विदित आहे; परंतु रोगाची ओळख पटली ती उलट्या दिशेने, म्हणजे डोळ्यांना जे दिसले त्यापासून. १८६७ साली माक्स पेर्ल्स या जर्मन वैद्याने ऊतींतील लोह दृश्य करण्याची एक रीत प्रसिद्ध केली. पोटॅशियम फेरोसायनाइड व हायड्रोक्लोरिक अम्ल यांचा लोहाशी संयोग होऊन गर्द निळा रंग उमटतो. हा रंग म्हणजे चित्रकारांचा 'प्रशियन ब्ल्यू'च होय. अठराव्या शतकाच्या आरंभी बर्लिनमध्ये तो प्रथम तयार झाला होता. रंगाऱ्याच्या दुकानातील वस्तू अशा प्रकारे रोगनिदानाच्या कामी आली. हिमोग्लोबिनमध्ये पक्के बसलेले लोह या प्रक्रियेने निळे होत नाही. साठविलेले वा मोकळे लोह तेवढे निळे होते. या रीतीचे सामर्थ्य या भेदातच आहे. अस्थिमज्जेचा एक थेंब काचेवर पसरून पेर्ल्सच्या रीतीने रंगविला, की कोणते लोह कामी लागले आणि कोणते पडून राहिले, हे डोळ्यांनी पाहता येते.

१९४१ साली हान्स ग्र्यूनेबर्ग या जनुकशास्त्रज्ञाने उंदरांच्या रक्तात निळे कण असलेल्या तांबड्या पेशी पाहिल्या व त्यांना 'सिडरोसाइट' हे नाव दिले. १९५४ साली कॅप्लान, झ्यूल्झर व मूरिकाँ यांनी मज्जेतील केंद्रकयुक्त, म्हणजे अजून अपरिपक्व, पेशींमधील अशाच कणांचा अभ्यास 'सिडरोब्लास्ट' या नावाखाली प्रसिद्ध केला. ग्रीक 'सिडरोस' म्हणजे लोखंड आणि 'ब्लास्टोस' म्हणजे कोंभ, अंकुर. मराठीत याला 'लोहांकुर' म्हणावयास हरकत नसावी. मूळ शब्दाची दोन्ही अंगे त्यात जशीच्या तशी उतरतात आणि शब्द उच्चारास सुलभही होतो. (तो ऐकून लोखंडाला कोंब फुटल्याचे चित्र डोळ्यांपुढे येते खरे, पण ते मूळ ग्रीक समासातही येतेच.)

एक सावधगिरी येथे आवश्यक आहे. लोहांकुर दिसणे हाच रोग नव्हे. निरोगी मज्जेतही बऱ्याच अपरिपक्व पेशींत निळ्या रंगाचे एक ते चार बारीक कण इकडे तिकडे विखुरलेले असतात. ते फेरिटिन या साठ्याच्या स्वरूपातील लोह होय व ते पेशीद्रव्यात असते. किंबहुना लोहन्यूनतेच्या रक्तक्षयात हे कण दिसेनासे होतात, म्हणजे तेथे लोहांकुराचा अभाव हेच लक्षण असते. सिडरोब्लास्टिक रक्तक्षयात दिसतो तो 'वलयी लोहांकुर'. त्यात निळे कण पाच किंवा अधिक असतात आणि ते केंद्रकाभोवती, त्याच्या परिघाचा निदान तिसरा हिस्सा व्यापून, कडे करून बसतात. असे कडे का पडते, याचे उत्तर सोपे आहे : या पेशींत तंतुकणिकाच केंद्रकाभोवती दाटीने असतात आणि लोह त्यांच्या आत अडकलेले असते. वलय हे लोहाच्या स्वभावाचे नव्हे, ते जेथे अडले त्या जागेचे चिन्ह आहे.

१९५६ साली स्वेन ब्यॉर्कमन यांनी अशा वलयी पेशी असलेल्या चार रोग्यांचे वर्णन केले. उपचारांना दाद न देणारा, प्रौढ वयात उद्भवणारा व दीर्घकाल चालणारा असा तो रक्तक्षय होता. याच सुमारास जर्मनीत लुडविग हाइलमायर यांनी या गटाला 'सिडरोआक्रेस्टिक' हे नाव सुचविले. 'आक्रेस्टोस' म्हणजे निरुपयोगी, ज्याचा उपयोग होत नाही असे. लोह आहे पण त्याचा उपयोग होत नाही, हे रोगाचे मर्म त्या नावात नेमके पकडलेले होते. मराठीत त्याचे 'लोहानुपयोगी रक्तक्षय' असे रूपांतर करता आले असते. पुढे रूढ झाले ते मात्र 'सिडरोब्लास्टिक' हेच नाव. काचेवर दिसणाऱ्या खुणेने कारण सांगणाऱ्या नावावर मात केली. व्यवहाराच्या दृष्टीने ते समजण्यासारखे आहे, कारण खूण कोणालाही दाखविता येते आणि कारणाबद्दल वाद होऊ शकतो. तरीही हाइलमायर यांचे नाव टिकले असते तर विद्यार्थ्यांचे एक मोठे अज्ञान आपोआप दूर झाले असते, असे वाटल्यावाचून राहात नाही. 'लोहांकुरी' हे विशेषण ऐकून रोगात लोह आहे एवढे कळते. ते वाया जात आहे, हे कळत नाही.

आनुवंशिक प्रकाराचा इतिहास याहून थोडा जुना आहे. १९४५ साली टॉमस कूली यांनी एका कुटुंबातील आनुवंशिक रक्तक्षयाचे वर्णन केले. थॅलसीमियाचे वर्णन प्रथम करणारे म्हणून ज्यांचे नाव प्रसिद्ध आहे, तेच हे कूली. त्यांचे लक्ष वेधले ते रक्तातील पेशींच्या लंबवर्तुळाकृतीने, आणि नावही त्यांनी त्यावरून दिले. लोहाचा उल्लेख नावात नव्हता. १९५६ साली हॅरिस व त्यांच्या सहकाऱ्यांनी एक महत्त्वाची गोष्ट नोंदविली : एका रोग्याचा असाच फिकट पेशींचा रक्तक्षय लोहाने नव्हे, तर पिरिडॉक्सिन म्हणजे ब-६ जीवनसत्त्वाने सुधारला. वर सांगितलेला हीमच्या घडणीचा पहिला टप्पा आठवला, म्हणजे याचा उलगडा होतो. त्या टप्प्याचे विकर ज्या जनुकावरून घडते ते, एएलएएस२, एक्स गुणसूत्रावर आहे. त्यात दोष असला की विकर दुबळे होते आणि कोंदणाची घडण आरंभीच अडखळते. विकराच्या जोडीला लागणारे ब-६ भरपूर दिले, तर पुष्कळ रोग्यांत दुबळे विकरही काम करू लागते. पुरुषात एक्स गुणसूत्र एकच असल्याने हा प्रकार मुख्यत्वे पुरुषांत प्रकट होतो. १९९४ साली कूली यांच्याच मूळ कुटुंबाची पुन्हा तपासणी झाली व त्यांच्या एएलएएस२ जनुकात एका अक्षराचा पालट सापडला. आकारावरून नाव दिलेल्या रोगाचे मूळ सापडावयास जवळजवळ अर्धे शतक लागले.

आनुवंशिक प्रकार आणखीही आहेत. कोठे ग्लायसीन तंतुकणिकेत नेणारे प्रथिन सदोष असते, कोठे तंतुकणिकेच्या स्वतःच्या जनुकद्रव्याचा एक तुकडाच गळालेला असतो. ते सर्व अत्यंत विरळा असल्याने येथे त्यांचा विस्तार करण्याचे कारण नाही. व्यवहारात अधिक महत्त्वाचा आहे तो बाह्य कारणांनी होणारा आणि कारण दूर केल्यास बरा होणारा प्रकार. अतिरिक्त मद्यपान हे त्याचे सर्वपरिचित कारण. १९५२ साली क्षयरोगाच्या उपचारात आलेले आयसोनायझिड हे दुसरे. ते ब-६ जीवनसत्त्वाचे कार्य रोखते. आपल्याकडे क्षयरोगाचे प्रमाण लक्षात घेता हे कारण विसरता येण्यासारखे नाही. या औषधाबरोबर पिरिडॉक्सिन देण्याची पद्धत मुख्यतः मज्जातंतूंच्या रक्षणासाठी पडली असली, तरी हीमच्या घडणीलाही तिचा आधार मिळतो. क्लोरॅम्फेनिकॉल व लिनेझोलिड ही जंतुनाशके तंतुकणिकेतील प्रथिननिर्मिती थांबवितात; तंतुकणिका या अतिप्राचीन काळी पेशीत वस्तीस आलेल्या जंतूंच्या वंशज असल्याने जंतूंवरील घाव त्यांच्यावरही पडतो. तांब्याच्या न्यूनतेनेही असा रक्तक्षय होतो, आणि ती न्यूनता कित्येकदा जस्त अति प्रमाणात पोटात गेल्याने ओढवते. अशा रोग्याच्या मज्जेतील वलये पाहून त्यास कायमचा रोगी ठरविणे, ही लोह देण्याच्या चुकीइतकीच मोठी चूक होईल.

राहिला तो ब्यॉर्कमन यांनी वर्णिलेला प्रकार. उतारवयात, कोणत्याही कौटुंबिक इतिहासावाचून उद्भवणारा. मज्जेच्या एखाद्या मूळपेशीत जन्मानंतर केव्हातरी बिघाड होतो व तिची संतती मज्जा व्यापते. दीर्घकाळ या रक्तक्षयास 'अज्ञातहेतुक' हे विशेषण लावीत असत. २०११ साली हेतू ज्ञात झाला. या रोग्यांपैकी बहुसंख्यांत एसएफ३बी१ नावाच्या जनुकात उत्परिवर्तन आढळले. आश्चर्य हे की, या जनुकाचा लोहाशी वा हीमशी प्रत्यक्ष काहीही संबंध नाही. त्याचा संबंध आहे तो वाचनाशी, आणि म्हणूनच भाषेच्या अभ्यासकाने येथे थोडे थांबावे.

जनुकातील मजकूर पेशी प्रथम जसाच्या तसा उतरून घेते. त्या नकलेत अर्थपूर्ण भागांच्या मधोमध लांबलचक निरर्थक भाग असतात. ते कापून, अर्थपूर्ण भाग एकमेकांस जोडल्यावाचून प्रथिन घडत नाही. निरर्थक भाग कोठे संपतो आणि अर्थपूर्ण भाग कोठे सुरू होतो, ही सीमा ओळखणाऱ्या यंत्रणेचा एसएफ३बी१चे प्रथिन हा एक घटक होय. मोडी कागद वाचणाऱ्याला या कामाची कल्पना चटकन येईल. मोडीत आधी शिरोरेघ ओढून तीखाली अक्षरे सलग लिहीत जात. शब्द तोडून लिहिण्याची प्रथा नव्हती. 'झाडतोडूनका' एवढी अक्षरे समोर आली, तर 'झाड तोडू नका' की 'झाड तोडून का', हे वाचणाराने ठरवावयाचे. अक्षर एकही बदललेले नाही. सीमा एका अक्षराने सरकली आणि मनाईचा प्रश्न झाला.

एसएफ३बी१मध्ये उत्परिवर्तन झालेली पेशी अशीच सीमा चुकते. खऱ्या सीमेच्या अलीकडे, बहुधा १० ते ३० अक्षरे आधी, सीमेसारखी दिसणारी एखादी जागा असते. तिलाच ती सीमा समजते व तेवढी फाजील अक्षरे मजकुरात शिरतात. आणि हे उत्परिवर्तन तरी केवढे? सर्वाधिक आढळणाऱ्या प्रकारात ए या अक्षराच्या जागी जी येते, व त्यामुळे प्रथिनातील ७००व्या स्थानी लायसीनऐवजी ग्लुटामिक अम्ल बसते. 'ध'चा 'मा' होण्याची जी आख्यायिका नारायणराव पेशव्यांच्या १७७३ मधील वधाशी निगडित झाली आहे, तिची येथे आठवण होणे स्वाभाविक आहे. फरक इतकाच की, आख्यायिकेत एका आज्ञापत्रातील एक अक्षर बदलते. येथे बदलते ते कागद वाचणाऱ्या कारकुनाच्या घडणीतील एक अक्षर, आणि मग त्याच्या हाताखालून जाणारे शेकडो कागद चुकीचे वाचले जातात.

त्या शेकडो कागदांपैकी सर्वांचे परिणाम सारखे नसतात. पुष्कळसे इतके निरर्थक होतात की पेशी ते नष्टच करते. त्यांत एबीसीबी७ या प्रथिनाचा मजकूर असतो. हे प्रथिन तंतुकणिकेच्या भिंतीत असते आणि आत तयार झालेला लोह-गंधकयुक्त संयुगाचा घटक बाहेर पेशीद्रव्यात पोचविण्यास आवश्यक असते. बाहेर तो घटक पोचला, तरच पेशीला लोहाची स्थिती कळते. एबीसीबी७ अपुरे पडले की तो पोचत नाही आणि पेशीला आपल्याजवळ लोहच नाही असा भास होतो. म्हणून ती आणखी लोह ओढू लागते. कोठारे भरलेली असताना वर्दी मात्र दुष्काळाची जाते. बाहेरील वैद्य फिकटपणावरून जी चूक करण्याचा संभव असतो, तीच चूक पेशी आतल्या आत आधीच करून बसलेली असते.

काही कागद मात्र फाजील अक्षरांसह वाचनीय राहतात, आणि तेही उपद्रवी ठरतात. एरिथ्रोफेरोन हे त्याचे उदाहरण होय. अपरिपक्व तांबड्या पेशी हे द्रव्य सोडतात. ते यकृतातील हेप्सिडिनची निर्मिती दाबते, आणि हेप्सिडिन दबले म्हणजे आतड्यातील लोहाची आवक वाढते. रक्तस्राव झाल्यावर ही व्यवस्था हिताची असते. येथे मज्जेत अशा पेशींची गर्दी असल्याने तो निरोप अखंड जात राहतो. शिवाय या रोगात थोडी फाजील ॲमिनो अम्ले असलेले, पण काम करणारेच एरिथ्रोफेरोन तयार होते, असे २०१९ साली दिसून आले. त्यामुळे रोग्याला एकदाही रक्त दिलेले नसताना त्याच्या यकृतात लोह साचू लागते.

यापुढचा हिशेब सरळ आहे. रक्ताच्या एका पिशवीतून २०० ते २५० मिलिग्रॅम लोह शरीरात जाते. २० पिशव्या दिल्या, तर ४ ते ५ ग्रॅम. म्हणजे निरोगी शरीरातील एकूण लोहाहून अधिक. रक्त देणे तर कित्येकदा अपरिहार्य असते. हे लोह यकृत, हृदय व स्वादुपिंड यांत जाऊन बसते. यकृत कठीण होते, हृदयाचे ठोके अनियमित पडतात, मधुमेह जडतो. लोहाच्या गोळ्या त्यात भर घालतात आणि हिमोग्लोबिन मात्र वाढवीत नाहीत. गोळ्या गुण देत नाहीत म्हणून मात्रा वाढवावी, हा विचार येथे सर्वांत घातक होय. हिमोग्लोबिन कमी असताना रक्तातील फेरिटिन व ट्रान्सफेरिनची संपृक्तता वाढलेली दिसली, तर थांबून विचार करावयास हवा. केवळ फेरिटिन वाढलेले असल्यास दाह वा यकृताचा विकार हेही कारण असू शकते. आणि लहान, फिकट पेशी लोहन्यूनतेप्रमाणे थॅलसीमियातही दिसतात. म्हणून निर्णय शेवटी मज्जेच्या निळ्या रंजनावर किंवा जनुकाच्या परीक्षेवर येतो.

उपचारांविषयी थोडक्यात असे. आनुवंशिक एएलएएस२ प्रकारात पिरिडॉक्सिन देऊन पाहतात; रक्तक्षय सौम्य असेल तर साचलेले लोह कमी करण्यासाठी थोडे थोडे रक्त काढतातही. फिकट माणसाचे रक्त काढणे हा विरोधाभास वाटेल, पण लोहाचा हिशेब ध्यानात घेतल्यास तो उरत नाही. रक्तक्षय तीव्र असल्यास लोह बांधून बाहेर नेणारी डेफेरॉक्झामीन, डेफेरासिरॉक्स यांसारखी औषधे वापरतात. उतारवयातील प्रकारात २०२० साली अमेरिकेत मान्यता मिळालेले लस्पॅटरसेप्ट हे औषध तांबड्या पेशींच्या परिपक्वतेच्या उत्तरार्धातील अडथळा कमी करते. ज्या चाचणीवर ही मान्यता आधारलेली होती, तीत २२९ रोगी होते. औषध घेणाऱ्यांपैकी ३८ टक्के रोग्यांना निदान आठ आठवडे रक्त द्यावे लागले नाही, तर औषधाविना हे प्रमाण १३ टक्के होते. हा सर्वांना तारणारा उपाय नव्हे. परंतु दर पंधरवड्यास रुग्णालयात रक्ताच्या पिशवीची वाट पाहात बसणाऱ्या वृद्धास आठ आठवड्यांची मोकळीक म्हणजे काय, ते आकड्यांवरून कळणारे नाही.

नावाची कथा अजून संपलेली नाही. १९८२च्या वर्गीकरणात हा रोग 'वलयी लोहांकुरांसह दुर्दम्य रक्तक्षय' होता आणि वलयी पेशींचे प्रमाण १५ टक्क्यांहून अधिक असणे ही त्याची अट होती. २०१६ साली जागतिक आरोग्य संघटनेने एसएफ३बी१चे उत्परिवर्तन सापडल्यास ५ टक्केही पुरेत, असे ठरविले. जनुकाचा दाखला असेल तर काचेवरील दाखल्याची अट सैल झाली. २०२२च्या वर्गीकरणात मुख्य नावातून वलये गेली व जनुकाचे नाव आले. पेशीचा आकार, मग निळे कण, मग लोहाचा अनुपयोग, आणि आता जनुक असा हा प्रवास आहे. तथापि जेथे जनुकपरीक्षेची सोय नाही, तेथे १५ टक्के वलयी लोहांकुर दिसल्यास जुन्या खुणेवरून निदान करण्याची मुभा त्याच वर्गीकरणात ठेवलेली आहे, आणि त्यासाठी लागते ते पेर्ल्सचे १८६७ मधील रंजनच.